चिमीनं बघितलेला पिक्चर

आईच्या मृत्यूची नोंद करायला नूतन बदलापूरच्या नगरपालिकेत रांगेत उभी होती. पुढच्या दोघींना सोसायटीतल्या मुलांसाठी रविवारचा पिक्चर ठरवायचा होता. गुलामगिरीवरचा होता, आणि किर्ती नावाच्या बाईनं तो आधी घरी लावून बघितला होता.

"मारामारी जास्त आहे का गं, किर्ती?"

"चाबूक आहे, पण तेवढं चालून जाईल."

"मग प्रॉब्लेम काय? आमचा अल्पेश मोबाइलवर रोज शंभर जणांना उडवतो!"

"अगं, त्यात दहा वर्षांची एक मुलगी आहे. मालकिणीचं बाळ सांभाळते, सगळ्यांचं झालं की जेवते. आमची पोरगी पटकन बोलली, 'मम्मी, ही तर आपली चिमी!'"

"बारवी धरणाकडच्या पाड्यावरून कामाला आणलीस ती?"

"कामाला काय, घरातल्यासारखीच आहे."

"तिनं ऐकलं?"

"तिथंच फरशीवर बसलेली. मलाच विचारते, 'काकी, ती शेवटी घरी जाते का?'"

"जाते?"

"काय माहीत! मी टीव्ही बंद केला आणि तिला भांड्यांना पाठवलं."

"मग राहू दे बाई. कार्टून लावू."

नूतनचा नंबर आला. कारकुनानं अर्ज पुढे ओढला.

"मॅडम, शेवटी आईजवळ कोण होतं?"

"इंदू. लहानपणापासून आमच्याकडेच असते. तीस वर्षं झाली."

"पूर्ण नाव सांगा."

नूतननं घरी फोन लावला.

"हां ताई, जेवायला येताय ना? भात टाकू?"

"इंदू," नूतन हळू आवाजात म्हणाली, "तुझं आडनाव काय गं?"