गळका रांजण

“पोरी, पहिली कळशी बकुळीखालच्या रांजणात. मग घरात!”

घर विकून लेकीकडे निघालेले तात्या लोहोकरे उंबऱ्यात उभे राहून एवढंच म्हणाले. शालननं मान डोलावली. झालं, वचन दिलं गेलं!

आता मंडळी, मला सांगा – दुरुस्ती करावी ती कशाची? जे मोडलंय त्याची, की जे आपल्याला कळलेलं नाही त्याचीही? घाई नको. ऐका.

माणदेशातलं कोरडं गाव. शालन आणि भानुदासचं हे पहिलंच घर. बेत काय? त्यातच राहायचं, राहता राहता सुधारायचं, चढ्या भावानं विकायचं, मग पुढचं! एका खोलीत गिलावा, दुसरीत चूल. भानुदास जेवताना विचारायचा, “शालन, वरणात सिमेंट पडलंय का गं?” ती म्हणायची, “खा निमूट! पोट तरी पक्कं होईल!”

हसलात ना? तुमच्याही घरी झालंय हे!

पण दारातली बकुळ! त्या रखरखाटात एवढी हिरवी, की वाटसरू थांबून हात जोडायचे. देशमाने बाई, निवृत्त शिक्षिका, घर बघायला आल्या आणि खोल्यांकडे पाहिलंच नाही! “मला ही सावली हवी. अक्षय्य तृतीयेला येते. तेव्हा पक्कं करू.”

भानुदास हरखला. उरलंसुरलं उरकायला लागला. अर्धा जमिनीत पुरलेला तो जुना रांजण – रोज भरावा, रोज उतरावा. “गळतोय हा!” म्हणाला, आणि आतून सिमेंटचा हात फिरवला. छान गुळगुळीत! “बघ, आता थेंब हलत नाही!”

शालन तरीही रोज पहिली कळशी तिथंच नेई. भरलेल्या रांजणात कितीशी मावणार? ओंजळभर ओतायची, बाकीची घरात. वचन पाळलं की नाही? पाळलं!

आणि चैत्रात बकुळीची पानं गळायला लागली.

रोज अंगणभर पाचोळा. भानुदासचा चेहरा उतरला. “सावलीच गेली तर बाई कशाला घेतील गं? सगळी कमाई या भिंतींत घातलीय आपण.”

शालननं खुरपं घेतलं. झाडाला आळं करावं म्हणून रांजणाच्या कडेनं उकरायला लागली. हातभर माती निघाली आणि हात थांबला!

काय दिसलं, मंडळी?

मुळं! केसासारखी बारीक, हजारो मुळं! लेकरानं आईच्या पोटाला मिठी मारावी तशी रांजणाच्या पोटाला बिलगलेली. जिथं जिथं पाझर होता, तिथं तिथं तोंड लावलेलं. इतकी वर्षं तात्यांची कळशी झाड पीत होतं – आणि वर कुणाला काही ठाऊक नव्हतं!

शालनचे हात जोडले गेले. “अहो, इकडे या,” एवढंच म्हणाली.

भानुदास आला. वाकून मुळं पाहिली. मग रांजण उपसला, छिन्नी आणली, आणि आपणच केलेली दुरुस्ती आपल्या हातानं खरवडून काढली.

तृतीयेला बाई आल्या. झाड अजून अर्धं उघडंच होतं, एका फांदीला तेवढी कोवळी तांबूस पालवी. शालननं काही झाकलं नाही. “बाई, आमचीच चूक. रांजण गळका आहे, गळकाच ठेवावा लागेल. रोज भरावा लागेल.”

बाईंनी त्या पालवीला हलकेच बोट लावलं. “घर घेते गं. पण माझे गुडघे! कळशी कोण उचलणार?”

“मी येईन,” शालन म्हणाली.

माझ्या बायांनो, बाप्यांनो, आपण घरं सजवतो, मनंसुद्धा सजवतो. प्रत्येक फट बुजवतो, थेंब बाहेर जाऊ देत नाही. आपल्या कुठल्या पाझरावर कुणाचं मूळ जगतंय, कधी उकरून पाहिलंय? आज घरी जाऊन पाहा. मीही पाहणार आहे.

आणि शालन? दोन गल्ल्या पलीकडे दुसरं पडकं घर घेतलं त्यांनी. पहिली सकाळ. माठ कोरडा, चूल थंड. नळाला पाणी आलं, कळशी भरली. भानुदास म्हणाला, “अगं, चहापुरतं तरी ठेव!”

शालन हसली. कळशी कमरेवर घेतली आणि अनवाणीच बकुळीच्या वाटेला लागली.