ज्ञानदेवकाकांचे मेसेज

"हॅलो?… हॅलो, कोण?… हो, मिनलच बोलतेय. आपण कोण?… आवाज येत नाहीये नीट… कोण?… विजयश्रीताई?"

मिनलच्या हातातला ओला टॉवेल दोरीवर अर्धाच पडला. गेली दोन वर्षं ती ज्या बाईशी रोज बोलत होती, तिचा आवाज ती आज पहिल्यांदा ऐकत होती. आजवरचं सगळं बोलणं टाइप केलेलं. फेसबुकवरच्या 'सोबत' नावाच्या ग्रुपमध्ये, डायलिसिसवर असलेल्या माणसांच्या घरच्यांमध्ये. विजयश्रीताईंचे मिस्टर ज्ञानदेवकाका आणि मिनलचे पप्पा, दोघेही त्या मशीनवरचे. त्या शब्दांवरून मिनलने मनाशी एक आवाज ठरवून टाकला होता, जाडसर, ठाम. हा आवाज बारीक होता, आणि थरथरत होता.

"एक मिनिट ताई, थांबा. गॅलरीत आहे, दार लोटून घेते… हं. पप्पा आत पडलेत. बोला."

"…हो. आले होते आज सकाळी. तुमच्या शेजारच्या मावशींनी सांगितलं ना?… हो, मीच ती, पिशवी घेऊन आलेली."

"…अहो, न सांगता म्हणजे, पप्पांचा हट्ट. आज रविवार, मशीन नाही, म्हणाले, ज्ञानदेवरावांना भेटून येऊ. एवढं बोलतो आम्ही, एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही… पत्ता? तुम्ही पप्पांना शर्ट शिवून पाठवला होता ना, बाहीला बटणं लावून, सुई टोचायला हात मोकळा राहावा म्हणून. त्या पार्सलवर होता."

"…नाही, पप्पा वर नाही आले. तुमच्याकडे लिफ्ट नाही, म्हटलं तुम्ही रिक्षातच बसा. मी एकटी चढले. तुमच्या दाराला कुलूप. मावशी बाहेर आल्या. मी म्हटलं, ज्ञानदेवकाकांना भेटायचंय. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं ताई… म्हणाल्या, अगं बाई, कुठल्या गावाहून आलीस तू? ज्ञानदेवला जाऊन वर्ष होत आलं."

देहूरोडच्या त्या जिन्यात मिनल किती वेळ उभी राहिली, तिचं तिलाच कळलं नव्हतं. पिशवीत सफरचंदं होती. केळी चालत नाहीत, नारळपाणी चालत नाही, म्हणून विचार करून घेतलेली. ती तिने मावशींच्याच हातात दिली आणि खाली येऊन पप्पांना सांगितलं, कुलूप आहे, गावाला गेलेत म्हणे. पप्पा पिंपळे गुरवला घरी पोहोचेपर्यंत बाहेर बघत राहिले.

"वर्ष, ताई! मागच्या दिवाळीच्या आधी गेलेत काका. आणि ह्या गुरुवारी त्यांनी पप्पांना मेसेज केला! तहान लागली की पाणी पिऊ नका, बर्फाचा खडा तोंडात धरा… कोणी केला तो?… नाही, मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. कोणी केला?"

"…तुम्ही."

"…सगळे? दिवाळीपासूनचे सगळे?… 'हे म्हणतात,' 'ह्यांनी निरोप दिलाय,' ते ग्रुपवरचं पण?… देवा."

खाली रस्त्यावर भाजीची गाडी ओरडत गेली. मिनल कठड्याला टेकली. आवाज चढवायचा नाही असं तिने ठरवलं होतं. पण सकाळपासून आत दाबून ठेवलेलं वर आलंच.

"ताई, मी चाकणला कंपनीत जाते. सकाळची बस पकडते, दिवसभर पार्ट तपासते, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी तुमचा मेसेज उघडते. आई गेल्यापासून मला कोणी विचारलं नसेल तेवढं तुम्ही विचारलंत. मी तुम्हाला काय काय सांगितलंय! लग्न मोडलं ते सांगितलं. सख्ख्या मावशीला नाही सांगितलं, तुम्हाला सांगितलं. आणि तुम्ही मला एवढं नाही सांगितलंत?"

"…रडू नका हो. आधी ऐका माझं. उन्हाळ्यात पप्पा अडून बसले होते, आठवतंय?… हो, तेव्हाच. म्हणाले, बास झालं, मला नाही जायचं मशीनवर, मला माझ्या घरात मरू दे. मी पाया पडले त्यांच्या. दोन पाळ्या चुकवल्या त्यांनी. पाय सुजले, श्वास लागायला लागला. आणि मग काकांचा मेसेज आला. सात वर्षं झाली मला, भीमराज, अजून बाजारात पायी जातो, तुम्ही आत्ताच कुठं दमता. मी मोठ्यांदा वाचून दाखवला तो. पप्पा उठले ताई. स्वतःहून चप्पल घातली. मी तुम्हाला किती दुवा दिल्या त्या दिवशी. आणि तो मेसेज एका मेलेल्या…"

पुढचा शब्द तिने गिळला.

"…सॉरी. तसं नव्हतं म्हणायचं मला… हॅलो? ताई?… आहात ना?… बोला. मी ऐकतेय. नाही बोलत मध्ये."

तिने फोन कानाशी घट्ट धरला.

"…कोण? लातूरची दिव्या?… हो, आठवते. तिचे मिस्टर गेले ते… हो, ग्रुपमधून मीच काढलं होतं तिला. ॲडमिन आहे ना मी. रीतच आहे ती ताई, पेशंट गेला की थोड्या दिवसांनी नाव काढायचं. बाकीचे घाबरतात. रोज त्यांना ते नाव दिसणार, आणि…"

"…तिने लिहिलं होतं?… काय लिहिलं होतं?"

"…हो. लिहिलं होतं. मला राहू द्या म्हणून."

मिनलला ती पोस्ट आठवली. दिव्याने लिहिलं होतं, इथे दुसरं कोणी ओळखीचं नाही मला, तुम्हीच आहात, मी काही बोलणार नाही, नुसती वाचत जाईन. त्याखाली मिनलने हात जोडलेलं चित्र टाकलं होतं. शंभरेक लोकांनी टाकलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये उभ्याउभ्याच तिने दिव्याचं नाव काढून टाकलं होतं. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा तिच्या मनातही आलं नव्हतं.

"…म्हणून तुम्ही सांगितलंच नाहीत."

"…हं… हं… शेजारचे येतात ना पण?… चहा आणून देतात… हं… काय म्हणतात?… 'सुटले'?"

"…सुटले म्हणतात? सगळे?… सख्खा भाऊसुद्धा?"

"…नाही, बरोबर आहे तुमचं. आपल्या ग्रुपवर नसतं म्हटलं कोणी तसं. आपल्याला माहितीये सात वर्षं म्हणजे काय ते. पाणी मापून द्यायचं, बटाटा दोनदा उकळून पाणी फेकायचं, रात्री हाताला हात लावून बघायचं, मशीन लावायची नस चालतेय का… हो. हो ताई. मी पण बघते. रोज बघते."

तिचा राग कधी उतरला, तिला कळलं नाही. त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं, रागापेक्षा जड. देहूरोडला एक बाई संध्याकाळी एकटी बसते, नवऱ्याचा फोन चार्जिंगला लावते आणि त्याच्या नावाने दुसऱ्याच्या नवऱ्याला, दुसऱ्याच्या बापाला धीर देत राहते. तेवढा वेळ तिच्या घरात तो असतो.

"…पण आता पप्पांना काय सांगू मी? ते म्हणतायत, पुढच्या रविवारी परत जाऊ. त्यांना कळलं ना की काका नाहीत, तर उद्या मशीनवर जायचेच नाहीत ते. काकांकडे बघून तर जातायत… नाही, तुम्ही नका सांगू. आपण दोघी मिळून काहीतरी… असं करू, काका गावाला राहायला गेले म्हणू, तिथं रेंज नाही म्हणू, हळूहळू मेसेज कमी करा तुम्ही, म्हणजे…"

मागे दार उघडलं.

भीमराज दारात उभे होते. अंगात तोच बटणाच्या बाहीचा शर्ट. एक हात चौकटीवर, दुसरा पुढे केलेला.

"पप्पा, झोपा ना तुम्ही. कंपनीतला फोन आहे."

"त्यांचा आहे ना? दे इकडे."

"पप्पा, नको…"

"दे म्हणतो ना, मिनू."

फोन तिच्या हातातून गेला. पप्पा गॅलरीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर सावकाश बसले, फोन कोणत्या कानाला लावावा याचा विचार केल्यासारखे थांबले, आणि मग बोलले.

"हॅलो… जय भीम. भीमराज बोलतोय… हां, रामराम… रडू नका. पहिलं रडणं थांबवा, मला ऐकायला येईना."

"…नाही, मला कुणी सांगितलं नाही. मला ठाऊक होतं… दिवाळीपासून… कसं म्हणजे? अहो, तुमचे मालक आधी काय चिडायचे! रामराम झाला की शिव्या चालू. डॉक्टरला शिव्या, अळणी भाजीला शिव्या, तुम्हालाबी. मला बरं वाटायचं. म्हटलं, माझ्यासारखाच आहे कुणीतरी. आणि दिवाळीनंतर एकदम गोड. लिंबाची फोड हुंगा, बर्फाचा खडा धरा, पोरीला त्रास देऊ नका. म्हटलं, हे पेशंटचं बोलणं न्हाई. पेशंटला सांभाळणाऱ्याचं बोलणं आहे हे."

मिनलने तोंडावर हात धरला. पप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"…विचारलं का नाही? विचारलं असतं तर मेसेज बंद झाले असते की… हां. तुमची तीच गत, माझी तीच गत."

"…उन्हाळ्यात? हो, तेव्हाबी ठाऊक होतं. तो मेसेज तुमचाच होता. मिनू वाचत होती आणि मी म्हणत होतो, आपलं माणूस गेलंय, तरी ही बाई कुठल्या कोण भीमराजसाठी बसून लिहितीय. मग काय करणार? घातली चप्पल."

 पप्पांनी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"…आज का आलो होतो? तुम्हाला पकडायला न्हाई आलो हो. एक विचारायचं होतं. ते मेसेजमध्ये लिहिता येईना. दहादा लिहिलं, पुसलं… विचारू?… कसे गेले ते?"

"पप्पा!"

त्यांनी हातानेच तिला गप्प केलं.

"…न्हाई, सांगा. मला कुणी सांगत नाही. डॉक्टर म्हणतात, बघू. ही पोरगी म्हणते, काही होत नाही तुम्हाला. शेजारच्या खाटेवरचा माणूस येईनासा होतो, तर नर्स म्हणते, दुसरीकडे हलवलं. मी काय लहान आहे? तुम्ही जवळ होतात. तुम्ही सांगा."

मग नुसते हुंकार. मिनल बापाच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्या चेहऱ्यावरूनच तिला पलीकडचं काही कळणार होतं.

"हं… दवाखान्यात नव्हे, घरीच… हं… दुपारचा चहा… तुम्ही आत होतात… हाक मारली… काय म्हणाले?… काय?"

पप्पांच्या तोंडावर हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलेलं, ओठाच्या एकाच कडेला.

"…'आज साखर घाल नीट'? शुगर होती ना त्यांना?… मग? घातली का?… घातली! बरं केलंत. लई बरं केलंत… प्यायले?… अर्धा… हं… कप खाली ठेवला… आणि?"

"…मान टाकली… खांद्यावर?… तुमच्या… हं."

"…घाबरले होते का?… खरं सांगा, गोड नका सांगू… थोडे. हं… मग नाही… तुम्ही घाबरलात… साहजिक आहे."

पप्पांनी डोळे मिटले. मिनलला वाटलं, त्यांना त्रास होतोय, आता फोन काढून घ्यावा. ती पुढे झालीसुद्धा. पण त्यांचे खांदे खाली आले होते, कितीतरी दिवस उचलून धरलेलं काही उतरवून ठेवावं तसे. अर्धा कप चहा, आणि कोणाचा तरी खांदा. ह्याचीच भीती ते एकटे वाहत होते, आणि ती रोज त्यांना म्हणत होती, काही होत नाही तुम्हाला.

"…उद्या? उद्या आहे की मशीन. जाणार ना. न जाऊन काय करू… पण मेसेज नका पाठवू आता. फोन करा. मी तिथं छताकडं बघत पडलेलो असतो… न्हाई, त्यांच्या नंबरवरून नको. तुमच्या. तुमच्या नावानं बोला. मी चिडलो तर चिडू द्या मला… मी तुम्हाला काय म्हणू? विजयश्रीबाई?… बरं, ताईच म्हणतो."

"…ग्रुपवर? ते तुम्ही ठरवा. सांगायचं असलं तर सांगा. घाबरतील ते घाबरतील… तुम्हाला काढतील? कोण काढतंय?"

आता त्यांनी मिनलकडे पाहिलं. मिनलने नकारार्थी मान हलवली. मग कठड्याकडे तोंड करून उभी राहिली. दिव्याला आता शोधायचं कुठं, कुठल्या नावाने, आणि सापडली तर पहिलं वाक्य काय लिहायचं, ते तिला सुचत नव्हतं.

"…न्हाई, काढत नाही कुणी. इथंच आहे ती, रडतीय… तुम्ही जेवलात का आज?… सकाळपासून?… संध्याकाळ झाली की हो. उठा, भात टाका… भूक न्हाई हे कारण मला नका सांगू, मी रोज सांगतो ते ह्या पोरीला… एकटीपुरता टाका. मूठभर टाका… उठलात?… न्हाई, ठेवत नाही मी. धरतो फोन. तुम्ही धुवा तांदूळ."

खुर्चीत मागे टेकून पप्पा फोन कानाशी धरून बसले. पलीकडून नळाचा आवाज येत असावा, भांड्याचा येत असावा.  मिनल दोरीवरचा टॉवेल नीट करायला वळली, पण तो तसाच हातात घेऊन त्यांच्या शेजारी खाली बसली.

"…लावला कुकर?… मीठ? तुम्हाला कसली बंदी, घाला की मीठ… हां… आहे मी. आहे."

"…आहे, आहे…"

"…झाली. ऐकली मी शिट्टी… वाढून घ्या. गरम आहे तोवर… बरं… बरं ताई. ठेवतो."