कुलूप तोडायची मुभा

सन १९९८. जळगाव स्टँडवर जामनेरच्या गाडीसाठी रांग लागली होती. माझ्या पाठीमागे गिरधर आणि हाशम रंगात आले होते.

"हाशम, अमेरिकेत नवा कायदा झाला! कॉपी होऊ नये म्हणून सीडीला घातलेलं कुलूप तोडलं, तर सीडी विकत घेतलेली असली तरी गुन्हा!"

"आणि तिथल्या राष्ट्राध्यक्षाला शिव्या दिल्या तर, गिरधर?"

"खुशाल दे!"

"कमाल आहे! माझा भाऊ आखातात आहे. तिथं कुलूप तोडलेल्या सीड्या भर बाजारात मिळतात, पण राजाविरुद्ध ब्र काढायचा नाही."

"म्हणून तर आपला देश बठ्ठ्यात भारी शे! कुलूपही तोडा, बोलाही! मी आपल्या सरपंचाला तोंडावर लबाड म्हणेन!"

"म्हण की. तुझ्यामागे तेच उभे आहेत."

"...रामराम, आबा! तुम्ही मागे कशाला? या, माझ्यापुढे उभे राहा."