सुळक्यावर आधी सुखदेव गेल्ता

मी गणपत, माझा जन्म वाटूरच्या पुढं, मंठ्याच्या अंगाला एक लहानसं गाव हाय तिथला, बाप सालदार, शाळा चौथीपर्यंत, मंग काही न्हाई. तुम्ही दोर-बीर घेऊन आले, आमचा सुळका चढले, अन् छापायसाठी विचारून राह्यले की पहिलं कोण चढलं, तर गावात कोणालाबी विचारा, माझंच नाव सांगतील. म्हणून तर माझ्या दारात आले तुम्ही. काय सांगू तुम्हाला, इतकी वर्षं झाली, ते ऐकलं की मान खालीच जाते.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. सगळं गाव खडी फोडायला, सुकडी खायची अन् घण मारायचा. सुखदेव माझ्या जोडीला, बौद्धवाड्यातला, माझ्याच वयाचा. दगडाला नुसता हात लावून सांगायचा, हा इथून फुटंल, अन् बराबर तिथूनच फुटायचा. आमचा म्हसोबा सुळक्याच्या बुडाला, वर दहा-बारा पुरुष उंच उभा कातळ. पाणी पडंना तव्हा म्हातारी माणसं म्हणली, निशाण वर माथ्यावर लागलं तर देव पावंल. मी पारावर बोलून बसलो, मी चढतो. बोलायला काय लागतं! मंग घाबरलो अन् सुखदेवकडं गेलो. तो म्हणला, तुझ्या देवाचं मला काही न्हाई गड्या, आम्ही ते सोडलं, पण तो दगड मलाबी चढून पाह्यचाय.

बाजाराच्या दिवशी गाव मंठ्याला गेल्तं, तव्हा आम्ही दोघंच निघालो. मोटेचा जुना नाडा, जाड दोर, त्याच्या खांद्यावर, निशाण माझ्या कमरेला. तो अनवाणी, फटीत पायाची बोटं रोवून, एकेक हात बघून लावून वर गेला, घाई बिलकुल न्हाई. वर नाडा दगडाला बांधून खाली सोडला, तो मी कमरेला बांधला अन् निघालो, अन् मधात तो कातळ पोट काढून पुढं आलाय ना, तिथं मी दगडाला चिकटून अडकलो, ना वर ना खाली. लपवत न्हाई, धोतरात मुतलो मी. रडलो. सुखदेव वरून म्हणला, गणपत, खाली पाहू नको, माझ्याकडं पाह्य, डावा पाय उचल, हां, आता उजवा. लेकराला चालवावं तसं त्यानं मला वर घेतलं. निशाण मी रोवलं, तेवढंच माझं. उतरताना आधी मला नाड्यानं सोडलं, मंग नाडा खाली टाकून तो तसाच उतरला.

लोक बाजारातून आले, निशाण दिसलं, हलगी वाजली. पाटलानं विचारलं, कोण चढलं रे? सुखदेव माझ्या बाजूलाच उभा, नाडा गुंडाळून. मी म्हणलो, मी चढलो, ह्यानं खालून नाडा धरला. मला हार घातला, खांद्यावर घेतलं. मनाला समजावलं की बौद्ध माणूस देवाच्या माथ्यावर गेल्ता हे कळलं तर त्यालाच त्रास व्हईल, त्याच्यासाठीच खोटं बोललो. पण तेबी खोटंच. हाराची हाव व्हती मला. सुखदेवनं नाडा खाली ठेवला अन् निघून गेला. दुसऱ्या दिवशी खडीवर तो दुसऱ्याच्या जोडीला बसला.

पुढच्या साली लोक म्हणले, गणपत, चढ. मी गुडघ्याला फडकं बांधून लंगडत फिरलो. दर साली तेच सोंग.

लई वर्षांनी मंठ्याच्या बाजारात सुखदेव भेटला, संगं त्याची कॉलेजातली पोरगी. तिला म्हणला, हे गणपतकाका, आपल्या सुळक्यावर पहिले चढले ते. पोरगी हसून म्हणली, जयभीम काका. मी त्याच्या तोंडाकडं पाह्यलं, राग न्हाई, टोमणा न्हाई. माझी लाज त्यानं पोटच्या पोरीपुढंबी झाकली. तव्हा तरी खरं बोलायचं ना मी! तर उसाचा रस पाजला त्यांना. रस! पुढं सुखदेव वारला, मी मातीला गेलो, मागंच उभा राह्यलो.

आता तुम्ही म्हणता त्याचं नाव छापतो. छापा, मोठ्या अक्षरात छापा. पण चार दिवस थांबा. ती पोरगी तीर्थपुरीला मास्तरीण हाय, तिला हे कागदावरून कळू नये, माझ्या तोंडून कळावं. उद्या सकाळच्या यष्टीनं जातो. घरात घेईल का दारातूनच लावून देईल, तिची मर्जी, माझं काही म्हणणं न्हाई. तिची लेकरंबाळं सुखी राहोत.