शेडमधल्या मगरी

धाकटा : कुलूप तर शाबूत आहे. मग आत आलं कोण?

दादा : कुलूप कशाला तुटेल? किल्ली तूच देऊन गेलास. सासऱ्यांच्या ऑपरेशनला निघताना म्हणालास, ‘दादा, मिरचीवर लक्ष असू दे.’ ठेवलं लक्ष.

धाकटा : म्हणजे तू...

दादा : फवारलं. सकाळी सकाळी, वारा पडलेला बघून, कोपरान्‌कोपरा. दुकानातलं सगळ्यात भारी औषध. इतर गिऱ्हाइकांना मी ते कपाटातून काढूनसुद्धा दाखवत नाही. आभार सावकाश मान.

धाकटा : अरे दादा, आत ढालकिडे सोडले होते मी!

दादा : ते लाल, ठिपक्यांचे ना? दिसले. त्यांच्याशी माझं काही भांडण नव्हतं. पण पानोपानी भलतंच काहीतरी फिरत होतं. काळं, लांबुळकं, पाठीवर नारिंगी डाग. मगरीची पिल्लंच जणू! इतकी वर्षं कीटकनाशकं विकतोय, पण असलं ध्यान पाहिलं नव्हतं. म्हटलं, धाकट्याच्या शेडमध्ये नवीनच संकट उपटलं.

धाकटा : ती त्यांचीच पोरं होती.

दादा : कोणाची?

धाकटा : ढालकिड्यांची. लहानपणी तशीच दिसतात. आणि मिरचीवरचा मावा खाण्यात तीच खरी पटाईत.

दादा : मग तसं दारावर लिहून ठेवायचं!

धाकटा : कोणासाठी? इथे येणाऱ्यांत वाचता येणारा तू एकटाच.

दादा : बरं, मेली ती मेली. मावाही मेलाच असेल की.

धाकटा : ते पान उलटून बघ.

दादा : अरेच्चा!

धाकटा : आता हा शेंडा बघ. हात लाव. चिकट लागतोय ना? खाणारे तू मारलेस, खादाड तेवढे उरले. मोकळं रान मिळालंय त्यांना.

दादा : या माव्याला माझं औषध अंगवळणी पडलेलं दिसतंय.

धाकटा : आजूबाजूच्या सगळ्या शेतांत तूच तर पाजतोस त्याला. बाळसं धरलंय त्यानं.

दादा : हरकत नाही. नवीन आलंय एक, याच्याहून कडक...

धाकटा : दादा, तू आधी बाहेर हो.

दादा : ओरडतोस काय? माझी बाजू ऐकशील की नाही? दुकानात येणारा जो तो विचारतो, ‘तुमचा सख्खा भाऊ तुमचं औषध का घेत नाही?’ काय सांगू? तो किड्यांना मित्र म्हणतो आणि मला गिऱ्हाईकसुद्धा मिळू देत नाही, असं सांगू?

धाकटा : म्हणून फवारलंस?

दादा : मगरीही होत्या.

धाकटा : हॉटेलवाल्या बाई माझी मिरची का घेतात, माहीत आहे ना? फवारलेली नसते म्हणून. आता त्यांना कळवायला हवं, या तोडणीची मिरची घेऊ नका म्हणून.

दादा : कळवायचं कशाला? स्वच्छ धुऊन दे. मिरची काय तोंड उघडून बोलणार आहे?

धाकटा : ती नाही बोलणार. मी बोलणार.

(वहिनी झाकणाला भोकं पाडलेला डबा घेऊन आत येते.)

वहिनी : अहो, तुमचा आवाज पार रस्त्यापर्यंत येतोय. भावजी, हे धरा. जरा सावकाश उघडा.

धाकटा : वहिनी! ही पिल्लं कुठे मिळाली?

वहिनी : तुम्ही शेडमध्ये सोडलेत ना, तेव्हा चार ढालकिडे मी मागून नेले होते. दुकानामागच्या गुलाबांवर सोडले. आता तिथे त्यांचं गोकुळ झालंय.

दादा : माझ्या दुकानामागे? औषधांच्या गोदामाला लागून?

वहिनी : मग कुठे ठेवू? वर्षभर तुमची औषधं मारली, एक कळी धड उमलली नाही. आता बघा कशी फुलं येताहेत.

दादा : अगं, तीच फुलं मी काउंटरवर ठेवतो! येईल त्याला दाखवतो, म्हणतो, बघा आपल्या औषधाची कमाल!

वहिनी : ऐकलंय की मी.

दादा : मग बोलली का नाहीस?

वहिनी : किती रंगून सांगत होता. म्हटलं, कशाला मोडता घाला.

धाकटा : पण वहिनी, ही आत्ता इथे सोडून चालणार नाहीत. पानांवरच्या औषधानं हीही जातील. अजून काही दिवस गुलाबांवरच राहू देत. तोवर किडके शेंडे खुडायचे आणि पानं खालून पाण्यानं धुवायची. एकेक झाड.

वहिनी : मी या टोकाकडून सुरू करते. तुम्ही पाण्याची नळी ओढा.

दादा : आणि मी?

धाकटा : तू दुकानात जा, दादा. गिऱ्हाइकं खोळंबली असतील.

दादा : एवढी सगळी झाडं दोघांनी कधी धुवायची? बाजूला हो. ती बादली इकडे दे.

धाकटा : तुझा फोन वाजतोय.

दादा : हॅलो... हो, बोला... नाही, दुकान बंद आहे आज... छे छे, कोणी गेलं वगैरे नाही. भावाकडे कामाला आलोय.