गोळ्यांचा गुण

गुडघ्यांसाठी आलेल्या काकू दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. कान मात्र उघडे होते. शेजारी एक आजी आणि तिची दमा असलेली नात होती.

"आज डॉक्टरांना सांगते, हिचा पंप बंद करा. माशाच्या तेलाच्या गोळ्यांनी कसा गुण आलाय!"

काकूंना लहानपणचा तेलाचा चमचा आठवला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"आजी, पंप नको ना बंद करूस. मला पोहायला जायचंय."

"अगं, पंप तर आधीही होता. तेव्हा कुठे जिने पळत चढायचीस?"

"तेव्हा मी चुकवायचे. आता रोज घेते."

"आणि गोळ्या? त्या घेतेस ना? बोल की गं बये!"

"बोक्याला देते."

"सगळ्या?"

"त्याला आवडतात."

"तरीच मेला आरशासारखा चमकतोय! आणि मी शेजारीपाजारी गोळ्यांचं कौतुक सांगत सुटले."

"आता डॉक्टरांना काय सांगशील?"

"पंप चालू ठेवा म्हणून सांगेन."

"आणि गोळ्या?"

"बोक्याच्या राहू देत चालू."

हसू दाबताना काकूंना जोराचा ठसका लागला.

"आजी, यांना माझा पंप देऊ?"