शेवट पुसलेली कॅसेट

जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देणाऱ्या दुकानात शिंपीकाका आपल्या पाळीची वाट बघत बसले होते. पुढच्या बाईंचं आणि दुकानदाराचं बोलणं आपसूकच कानावर पडत होतं.

"बाई, ही विकतची सिनेमाची कॅसेट. कॉपी करायला गेलं की चित्र उजळतं, काळवंडतं. कंपनीनेच तशी मेख मारून ठेवलीय."

"सिनेमा नकोच मला. शेवटचा तुकडा हवाय. लेक पहिल्यांदा चालली तेव्हा घरात कोरी कॅसेट नव्हती. विकतच्या कॅसेटवर काही भरता येऊ नये म्हणून खाच असते ना, मग ह्यांनी तिच्यावर चिकटपट्टी लावली आणि हीच घातली कॅमेऱ्यात."

"अस्सं! मग तेवढं स्वच्छ उतरेल. घरच्या चित्रणाला मेख नसते. थांबा, लावतो... ही बघा, पडली, उठली! पण मागे कुणीतरी जाम तडकलंय. 'माझ्या सिनेमाचा शेवट पुसलात!' म्हणतंय."

"मीच ती. कितीतरी दिवस अबोला धरला होता. रागाने ही कॅसेट पुन्हा लावलीच नाही कधी."

"आवाज काढून टाकू? नुसतं चित्र ठेवतो."

"नको हो. त्यावर हे काय म्हणाले, ते रागात मी ऐकलंच नव्हतं. आता ह्यांना विचारायची सोय राहिली नाही. जरा ऐकू द्या."